रोज सिमेंट रोड, पावसाळ्यात पांदण: नागपूरसाठी फोर बाय फोर निवडताना

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, घ्यायची म्हटलं की गप्पा सगळ्यात आधी हॉर्सपॉवरवर येतात. नागपूरच्या आसपास मात्र गाडी अडते ती ताकद कमी पडून नाही. काळी माती टायरच्या खाचांत भरते, चाक गुळगुळीत होतं आणि जागेवर फिरत राहतं. तीच गाडी उरलेले आठ महिने धंतोली, सदर, प्रतापनगरच्या सिमेंट रोडवर चालते, मे महिन्यात ४५ अंशांत सिग्नलला उभी राहते, आणि रविवारी आई-वडिलांना घेऊन रामटेकला जाते. निवड या दोन्ही कामांसाठी करायची आहे.

म्हणून गाडी बघताना एक हिशोब आधी करा. टायर, लाइट, सीट कव्हर, स्पीकर, काही प्रमाणात सस्पेन्शनसुद्धा नंतर बदलता येतं. रुंदी, दारांची संख्या, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ताकद वाटणारा गिअरचा डबा), डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) आणि एसीची कुवत नंतर बदलता येत नाही, किंवा बदलायला गाडीच्या किमतीच्या मानाने भलताच खर्च येतो. पैसा या दुसऱ्या गोष्टींवर घाला. शोरूममध्ये नेमकं उलटं होतं. मोठा स्क्रीन आणि सनरूफसाठी वरचं व्हेरियंट घेतलं जातं आणि पैसे वाचवायला फोर बाय फोरऐवजी टू-व्हील ड्राइव्ह. वावरात पहिला पाऊस पडला की ती टू-व्हील गाडी साध्या हॅचबॅकइतकीच फसते, फक्त बाहेर काढायला जास्त जड असते.

आधी जमीन समजून घेऊ. शहराच्या पश्चिमेला काटोल, कोंढाळी, हिंगण्याकडे बेसाल्ट आणि त्यावर काळी माती आहे. पूर्वेला मौदा, रामटेककडे धानाच्या बांध्या लागतात, खडक वेगळा, काही ठिकाणी माती रेताड. सगळ्यात वाईट काळी मातीच. पाणी प्यायली की ती फुगते आणि चिकटते. पक्क्या रस्त्यासाठीचा हायवे टायर दोन-तीन फेऱ्यांत भरून जातो. ऑल टेरेन, म्हणजे पक्का रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या टायरच्या खाचा रुंद असतात, त्यामुळे चाकाने थोडा वेग घेतला की चिखल बाहेर फेकला जातो. खास चिखलासाठीचा मड टेरेन यात सरस, पण रोज सिमेंट रोडवर त्याचा घूं-घूं आवाज डोकं उठवतो, ओल्या रस्त्यावर ब्रेकिंगचं अंतर वाढतं आणि मायलेजही घसरतं. रोजच्या गाडीला ऑल टेरेनच घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. मड टेरेन ज्याची गाडी आठवड्यातून चार दिवस शेतावर असते त्याच्यासाठी.

दुसरी अडचण चाकोऱ्यांची. पांदण रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बंडीच्या चाकांनी दोन खोल नाल्या पडतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. गाडी चाकोरीत उतरली की पोट त्या उंचवट्यावर टेकतं, चाकं अधांतरी होतात, आणि मग चार चाकांना ताकद मिळूनही उपयोग नसतो. इथे ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, कामाला येतो. महिंद्रा थारचा २२६ मिमी, मारुती जिम्नीचा २१०, फोर्स गुरखाचा २३३. पण या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. सलग अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच दांडा) असलेल्या गाडीत खालचा सर्वात बुटका भाग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा. लिफ्ट किट घातलं तरी बॉडी उचलली जाते, तो गोळा आहे तिथेच राहतो. तो वर न्यायचा एकच मार्ग आहे, मोठ्या व्यासाचा टायर. आणि मोठ्या टायरने स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, क्लचवर भार वाढतो. चाकोरी खोल दिसली तर एक बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची कडेच्या धुऱ्यालगत, म्हणजे शेताच्या बांधालगत, ठेवून चालवा. तेवढ्यासाठी अरुंद गाडी फार सोयीची पडते.

उन्हाळ्यात हीच चाकोरी दगडासारखी वाळते. तेव्हा धोका टायरच्या बगलेला. तुरीची कापलेली धसकटं आणि पऱ्हाटीचे खुंट तिरपे, धारदार उभे असतात. ते तळव्यात घुसले तर प्लग किटने पंक्चर निघतं, बगलेत घुसले तर टायर गेला, दुरुस्ती नाही. म्हणून ऑल टेरेन घेताना दुकानदाराला साइडवॉलला (बगलेला) किती प्लाय, म्हणजे थर, आहेत ते विचारा. टायरच्या बगलेवर ते छापलेलं असतं. स्टेपनी पूर्ण मापाची आहे का तेही बघा. बारकी स्टेपनी घेऊन शेतातून बाहेर येता येत नाही.

आता ड्राइव्हट्रेन. ऑल व्हील ड्राइव्ह आणि फोर बाय फोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रँड विटारा ऑलग्रिपसारख्या गाडीत गरज पडली की मागच्या चाकांना ताकद मिळते, पण लो रेंज, म्हणजे वेग कमी करून ताकद वाढवणारी जास्तीची गिअरजोडी, नाही. मुरमाचा रस्ता, थोडा चिखल, घाटात पाऊस, एवढंच काम असेल तर ती पुरते आणि रोजची सोय कितीतरी जास्त देते. मात्र ओल्या बांधावरून हळूहळू चढायचं, फसलेला ट्रॅक्टर-ट्रेलर ओढायचा, नाल्याच्या उतारावर इंजिन ब्रेकिंगने उतरायचं, यासाठी लो रेंज लागतेच. जिम्नीच्या ४एल (चारही चाकं, लो रेंज) मध्ये ताकद जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा. नवी माणसं चिखलातून गाडी मागे काढताना ४एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) मध्येच क्लच अर्धवट दाबून धरतात आणि पाच मिनिटांत जळका वास येतो. तिथे थांबून, न्यूट्रल करून ४एल टाकायचं, क्लच पूर्ण सोडायचा आणि अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम पाय लावायचा.

थार, जिम्नी, गुरखा या पार्ट टाइम फोर बाय फोर आहेत. यांच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे ४एच मध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल सक्तीने एकाच वेगाने फिरतात. वळताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या सिमेंटवर निघायला जागा नाही, म्हणून ताण गिअर आणि शाफ्टमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी उड्या मारल्यासारखी करते आणि लीव्हर २एच (फक्त मागची चाकं) मध्ये परत यायला नकार देतो. असं झालं तर जोर लावू नका. सरळ रेषेत पाच-दहा फूट रिव्हर्स घ्या, ताण सुटतो, लीव्हर हलतो. शहरात मुसळधार पाऊस असला तरी सिमेंट रोडवर २एच च ठेवा.

पुढचा प्रश्न डिफरन्शियलचा, आणि व्हेरियंट निवडताना माझ्या लेखी तो सगळ्यात महत्त्वाचा. साधा, ओपन डिफरन्शियल ताकद सोप्या वाटेने जाऊ देतो, म्हणजे नेमकी घसरणाऱ्या किंवा हवेत लटकलेल्या चाकाकडे. यावर दोन उपाय आहेत. एक, ब्रेकवर चालणारी यंत्रणा: घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो आणि ताकद दुसरीकडे वळते. जिम्नीत हेच आहे, थारच्या बऱ्याच व्हेरियंटमध्येही. काळ्या मातीत ती काम करते, पण तिला चाक थोडं फिरू द्यावं लागतं, आणि तेवढ्या फिरण्यात चाक दोन इंच आणखी खाली जातं. दुसरा उपाय खरा डिफ लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा. थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल येतो, तो चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की आपोआप लॉक होतो. गुरखात पुढचा आणि मागचा असे दोन्ही चालकाला हाताने लॉक करता येतात. या किमतीत दुसरीकडे हे मिळत नाही. व्हेरियंटची नावं वरचेवर बदलतात, म्हणून ‘डिफ लॉक आहे का, मेकॅनिकल की ब्रेकवाला’ हे कोटेशनवर लिहून घ्या.

गाड्यांबद्दल थोडं सविस्तर. जिम्नी ३९८५ मिमी लांब आणि फक्त १६४५ रुंद. इतवारी, महाल, गांधीबागेच्या गल्ल्यांत शिरायचं असेल तर तिच्याशी बरोबरी करणारी फोर बाय फोर नाही. वजन साधारण १२०० किलो. थार जवळपास अर्ध्या टनाने जड. मऊ मातीत हलकी गाडी कमी रुतते आणि फसली तरी चार माणसं ढकलून काढतात. दोन्ही अ‍ॅक्सल सलग, १९५ रुंदीचे अरुंद टायर. उणी बाजू म्हणजे १.५ पेट्रोलचा टॉर्क १३४ न्यूटन मीटर. चौघे, सामान आणि एसी पूर्ण, अशा अवस्थेत समृद्धीवर ओव्हरटेक करताना गिअर उतरवावा लागतो. माणसं चारच, आणि मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटर. संत्र्याचे दोन क्रेट ठेवले की संपली.

तीन दारांची थार चिखलात उत्तम: व्हीलबेस २४५० मिमी, पुढचा कोन (बंपर न टेकता किती चढाला भिडता येतं तो) ४१ अंशांच्या वर, कंपनीच्या मापाने ६५० मिमी पाण्यात उतरण्याची क्षमता. २.२ डिझेलचे ३०० न्यूटन मीटर खालच्या आरपीएमलाच मिळतात, चिखलात तेच हवं. पण रोजच्या गाडीत मागे बसायला पुढची सीट सरकवून, पाय उंच करून शिरावं लागतं. घरात गुडघेदुखी असलेलं कुणी असेल तर हा विषय तिथेच संपतो. साइड स्टेप लावला तर चढणं सोपं होतं, पण चाकोरीत पहिला तोच घासतो.

पाच दारांची थार रॉक्स कुटुंबासाठी खूपच बरी. मात्र फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये येते, आणि २८५० च्या व्हीलबेसमुळे रॅम्प ब्रेकओव्हर कोन २३.९ अंशांवर आला आहे. म्हणजे उंच धुरा ओलांडताना पोट टेकण्याची शक्यता वाढते. जिम्नीचाही हा कोन २४ च आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लहान गाडी असली तरी पाच दारांसाठी तिचा व्हीलबेस वाढवलेला आहे. स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर हायवेला सगळ्यात स्थिर, पण १९१७ मिमी रुंद आणि ४६६२ लांब. जुन्या वस्तीत ती चालवणं म्हणजे आरसे मिटून चालवणं. गुरखा चिखलातली राणी, पण गिअरबॉक्स फक्त मॅन्युअल, उंची दोन मीटरच्या वर, आणि सिग्नलच्या गर्दीत क्लचचा पाय दुखतो. हायलक्स हा टोयोटाचा पिकअप ५३२५ मिमी लांब आहे. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये ती मावते का हे टेप घेऊन मोजा, अंदाजाने नको.

टेप खरंच घेऊन जा. बेसमेंटच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते, बऱ्याच ठिकाणी ती २.१ मीटरच्या आसपास. रॉक्सची उंची १९२३ मिमी; त्यावर कॅरियर आणि दोरीने बांधलेलं सामान आलं की छप्पर घासतं.

डिझेल की पेट्रोल हे किलोमीटरवर नाही, फेऱ्यांच्या लांबीवर ठरवा. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी इंजिन तापून काही वेळ सलग चालावं लागतं. रोज घर ते ऑफिस ५ किमी, तेही सिग्नलमधून, असं असेल तर काजळी साठते आणि दिवा लागतो. आठवड्यातून एकदा वर्धा रोड किंवा अमरावती रोडवर २०-२५ मिनिटं ६०-८० च्या वेगात, गिअर एक खाली ठेवून इंजिन २००० आरपीएमच्या आसपास फिरवलं तर सहसा भागतं. हे जमणार नसेल तर पेट्रोल घ्या. आणि एक जपण्याजोगी गोष्ट: फिल्टर साफ होत असताना सायलेन्सरचं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. एप्रिल-मे मध्ये वाळलेल्या गवतावर किंवा सागाच्या पानगळीवर डिझेल गाडी उभी करू नका. गवतातून चालून आल्यावर खाली वाकून सायलेन्सरजवळ अडकलेले तण काढा.

उन्हाळ्याने आणखी काही प्रश्न सुटतात. सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छत, नागपुरात नको, उघड्या पार्किंगमध्ये तर मुळीच नको. दुपारी दोनला एसी हरतो. टेस्ट ड्राइव्ह दुपारीच मागा. गाडी अर्धा तास उन्हात उभी करायला लावा, मग एसी लावून मागच्या सीटवर बसा आणि घड्याळ लावा. पुढे गार लागतं यावर विश्वास ठेवू नका, मागे झोत येतो का ते महत्त्वाचं. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापमान साधारण ५-६ अंशांनी वाढलं की दाब १ पीएसआय वाढतो. त्यात चालण्याची उष्णता भर घालते. सकाळी भरलेले ३२ दुपारी समृद्धीवर ३७-३८ दिसले तर घाबरून हवा सोडू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. जुनी गाडी घेत असाल तर टायरच्या बगलेवरचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा २३वा आठवडा. खाचा शिल्लक असल्या तरी पाच-सहा वर्षांचा टायर १२० च्या वेगात आणि या उन्हात चालवू नये.

चिखलात मात्र हवा कमीच करायची. ३२ वरून १८-२० पर्यंत आणली की टायरचा ठसा लांब होतो, भार पसरतो आणि गाडी वर तरंगते. त्या दाबावर ३०-४० च्या वर जाऊ नका आणि झटक्याने वळू नका, टायर रिमवरून सुटतो. डांबरी रस्ता लागला की पहिलं काम हवा भरणं. कॉम्प्रेसर बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो.

चिखलातून आल्यावर ७०-८० ला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंटला धावतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळते, आणि मूठभर मातीनेही चाकाचा तोल जातो. चाकाच्या आत हात घालून, आधी काडीने खरवडून मग पाण्याने धुवा. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या जाळीतही माती आणि गवताचं बी बसतं, पाणी कमी दाबाने मारा. जोराच्या फवाऱ्याने जाळीच्या पात्या वाकतात.

पाण्याबद्दल ठामपणे सांगतो. ६५० किंवा ७०० मिमीचा आकडा हा हळू चाललेल्या गाडीचा आणि साचलेल्या पाण्याचा आहे, वाहत्या रपट्याचा नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर थांबा, गाडी कोणतीही असो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहराच्या मधोमध वस्त्यांत पाणी शिरलं. शहरातल्या गाडीलाही हा धोका आहेच. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घ्या, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचं तेल काढून बघा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय, लगेच बदला.

कराचा हिशोबही किमतीत धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्यांना ४०. त्यामुळे १.५ डिझेलची टू-व्हील थार १८ मध्ये बसते, तर फोर बाय फोर थार आणि १.५ पेट्रोलची जिम्नी ४० मध्ये. स्वस्त दिसते म्हणून टू-व्हील घेण्याचा मोह इथूनच सुरू होतो.

गाडीसोबत लगेच घ्यायच्या वस्तू थोड्या: हवेचा गेज, कॉम्प्रेसर, फावडं, साधारण ९ मीटरची कायनेटिक (ताणली जाणारी) दोरी आणि ती अडकवायला दोन बो शॅकल (लोखंडी कड्या). बंपरमध्ये फिरवून बसवायचा हूक सरळ ओढण्यापुरता असतो. फसलेली गाडी झटक्याने काढायला चॅसिसला जोडलेला रिकव्हरी पॉइंटच वापरा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोरी कधीही लावू नका, तो तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा येतो. समोर लोखंडी बुल बार लावू नका. त्यावर बंदी आहे, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही त्याने बिघडतं.

गाडी आल्यावर महिन्यातून एकदा मुरमाच्या मोकळ्या मैदानात ४एच आणि ४एल टाकून किलोमीटरभर चालवा, नाहीतर लीव्हर आणि जोडण्या आखडतात आणि नेमक्या जुलैत दगा देतात. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल किती किलोमीटरला बदलायचं ते मॅन्युअलमध्ये पाहून सर्व्हिसच्या जॉब कार्डवर स्वतः लिहायला लावा. इंजिन ऑइल न सांगता बदललं जातं, हे तेल सांगितल्याशिवाय बदललं जात नाही.